मार लागलेल्या मानेला झटका देणाऱ्यांची बाजू घेऊ नका

बोरीकाठ
परवापासून आपल्या तालुक्याच्या गटावर एक मजकूर फिरतोय. गाडीवरून पडलात, मान आखडली, तर दवाखान्यात हजारो रुपये घालू नका, अमुक गावच्या दादांकडे जा, दोनशे रुपयांत एका झटक्यात मान मोकळी. सोबत फोटो. एक जण खाटेवर बसलाय आणि मागून दुसऱ्याने त्याची हनुवटी नि डोकं धरलंय. मला तो मावशीने पाठवला, जावेने पाठवला आणि आज सकाळी माझ्या भावाच्या मित्राने पाठवला. त्या मित्राला आमच्या घरात काय झालं ते सगळं माहीत आहे. म्हणून लिहायला बसले.

मागच्या पावसाळ्यात भाऊ मोटारसायकलवर धुळ्याहून अमळनेरला येत होता. पुढे म्हशी आडव्या आल्या म्हणून थांबला आणि मागून पिकअपने ठोकलं. तो पडलासुद्धा नाही. मान एकदा मागे गेली, एकदा पुढे आली, बस. हेल्मेटवर ओरखडा नव्हता. घरी येऊन जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी त्याला एका चोळणाऱ्याकडे नेलं. त्या माणसाने आधी तेल लावून दहा मिनिटं छान चोळलं, भावाला बरंही वाटलं. मग काही न सांगता हनुवटी धरून कट्कन मान फिरवली. आवाज आला तसे सगळे खूश झाले. रात्री उजव्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात मुंग्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी त्याच्या हातून चहाचा कप निसटला. एमआरआयमध्ये पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी सरकून नसेवर आलेली दिसली. ऑपरेशन टळलं, पण चार महिने गेले. कापसाची वेचणी आम्ही दोघी बहिणींनी केली.

आता जे सांगते ते नीट वाचा. तो बरा झाला त्यात मालिशचाही हात होता. चौथ्या आठवड्यापासून फिजिओच्या बाई आधी पंधरा मिनिटं हाताने खांदे आणि मानेचा मागचा भाग सैल करायच्या आणि मग व्यायाम घ्यायच्या. त्या पंधरा मिनिटांशिवाय व्यायाम त्याला सोसतच नव्हते. त्यामुळे मी तेलाच्या, चोळण्याच्या, कुणाच्या पिढीजात धंद्याच्या विरोधात नाही. मार लागलेली मान आधी दाखवा, हात नंतर लावा आणि झटका कुणालाच देऊ देऊ नका, एवढंच म्हणते. तो मजकूर पुढे पाठवणारे उद्या कुणाच्या तरी हातापायाला जबाबदार ठरतील.

तालमीतला
ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण चोळणारे म्हणून सगळ्यांना एका पंक्तीत बसवलंत ते मला लागलं.

माझे आजोबा धुळ्यात तालमीत पन्नास वर्षं मालीश करत होते. हौद्यात माती, ताक, हळद, तेल कालवण्यापासून पोरांच्या अंगावर हात फिरवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. पैलवानाची मान म्हणजे काय हे ज्याने पूल मारून, म्हणजे डोकं आणि पाय टेकवून अख्खं अंग मानेवर तोलून पाहिलंय, त्यालाच कळतं. उसण भरली, लचक आली की शीर चढली, हे आजोबांना बोट ठेवल्या ठेवल्या समजायचं. उसण भरलेल्याला तुम्ही एमआरआयला पाठवणार का? चार-पाच हजार मोजून कागद आणायचा आणि त्यावर काय, तर स्नायू आखडलेत.

आणि एक विचारतो, राग मानू नका. गादी त्या पिकअपच्या धडकेनेच सरकली असेल. मुंग्या दोन-तीन दिवसांनी आपोआप सुरू होणारच असतील. मग खापर चोळणाऱ्यावर का?

बोरीकाठ
दादा, राग आलाच. मी कुठे लिहिलं की मी सिद्ध करून दाखवते? धडकेने गादी दुखावली असेल, मला मान्य आहे. म्हणून तर म्हणते, दुखावलेल्या गादीवर झटका द्यायचा नव्हता! झटक्याच्या आधी मुंग्या नव्हत्या, नंतर आल्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या माणसाने एकदाही विचारलं नाही की मार कसा लागला, हातात जोर आहे का, चक्कर येते का. तुमचे आजोबा विचारत असतील. हा विचारत नव्हता आणि फोटोतला तो दादाही विचारत नसेल.

जळगाव फिजिओ
मी रोज अशा माना बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याने मान तपासायची त्याच्यासाठी २००१ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी एक साधा नियम तयार केला. वय ६५ किंवा त्याहून जास्त, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, डोक्यावर सरळ भार येऊन आदळणं, वेगातल्या गाडीचा अपघात, गाडी उलटणं, हातापायांत मुंग्या. यातलं एकही असेल तर आधी मानेचा फोटो, म्हणजे एक्स-रे, मग बाकीचं. शेतातल्या मचाणावरून पडलेला, विहिरीत सूर मारून डोकं आपटलेला, ट्रॅक्टर उलटून पडलेला, हे सगळे त्यातच आले. तालमीतल्या दादांनी म्हटलेली साधी उसण, म्हणजे उशीवर वाकडं झोपून आखडलेली मान, त्यात येत नाही आणि तिला एमआरआय लागतही नाही. दोन वेगळ्या गोष्टींवर तुम्ही भांडताय.

मागून धडक बसलेल्या मानेचं दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वर येतं. त्यामुळे "तेव्हा तर काही झालं नव्हतं" यावर जाऊ नका. १९९५ मध्ये अशा दुखापतींच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. पहिल्या पायरीत नुसतं दुखणं आणि आखडणं, दुसरीत हालचाल कमी होणं आणि दाबल्यावर दुखणं, तिसरीत नसेची लक्षणं, चौथीत मोडलेला किंवा सरकलेला मणका. पहिल्या दोन पायऱ्यांत हलक्या हाताची मालीश चालते, सोबत हालचाल हवीच. तिसऱ्या पायरीत आधी डॉक्टर. चौथीत तुमचा हात लागला तर माणूस कायमचा अंथरुणावर जाऊ शकतो.

झटक्याची भीती फक्त गादीपुरती नाही. मानेच्या मणक्यांच्या बाजूला भोकं असतात आणि त्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. मान जोरात फिरवली की त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि लकवा येतो. कधी लगेच, कधी काही दिवसांनी. हे क्वचित होतं, पण ज्याच्या घरात होतं त्याला क्वचित या शब्दाचा काय उपयोग? २०१७ साली दिल्लीतल्या एकाची न्हाव्याने मान मोडल्यावर श्वासाच्या पडद्याची नस दुखावल्याची बातमी सगळीकडे आली होती. तरी आजही केस कापून झाले की लोक मान पुढे करतात.

आणि तो गळ्यातला पट्टा! मेडिकलमधून स्वतःच आणतात आणि दोन-दोन महिने घालतात. मणका मोडलेला नसेल तर पट्टा जितका लवकर सुटेल तितकं चांगलं. मानेचे स्नायू त्यात पार ढिले पडतात. लग्नात पट्टा घालून फिरणारे पाहिले की मला तिथेच जाऊन तो काढावासा वाटतो.

जुना भुसावळकर
मॅडम, तुमचं सगळं वाचलं. आता माझंही वाचा.

रेल्वेत ३४ वर्षं काढली. निवृत्तीच्या वर्षी यार्डात पाय घसरून पडलो, मानेला हिसका बसला. फोटो काढला, हाड शाबूत. तीन आठवडे फिजिओ घेतला. काय केलं तिथे? एका टेबलावर मी, दुसऱ्यावर दुसरा. मानेला करंटच्या चकत्या लावायच्या, पडदा ओढायचा, दहा मिनिटांनी घंटा वाजायची. मग शेक. मग हनुवटीला पट्टा बांधून वजन. तीन आठवड्यांत एकाही माणसाने माझ्या मानेला हात लावला नाही. व्यायामाचा एक छापील कागद दिला, त्यावरची चित्रंही दिसत नव्हती. रोजचे तीनशे रुपये.

शेवटी मुलीने यावलच्या एका म्हातारीकडे नेलं. कोमट तिळाचं तेल. एक तास. ती चोळताना बोलत होती, कुठे दुखतं विचारत होती, बोटं थांबवत होती. झटका वगैरे काही नाही. चार वेळा गेलो. पहिल्या रात्रीच झोप लागली, महिनाभराने लागलेली पहिली झोप. त्यानंतर अडावदजवळ उनपदेवला जाऊन गरम पाण्याखाली बसायचो. त्या म्हातारीला तुम्ही "अप्रशिक्षित" म्हणाल. माझ्यासाठी तीच डॉक्टर.

जळगाव फिजिओ
काका, तीन आठवडे आणि चार बैठका मिळून दुखण्याला दीड-दोन महिने झाले होते. अशा बऱ्याच माना तेवढ्या काळात आपोआप सैल होतात. शेवटी ज्याच्याकडे गेलो त्याला श्रेय मिळतं.

जुना भुसावळकर
म्हणजे माझी मान मला कळत नाही? पहिल्या रात्री झोप लागली ती दोन महिन्यांची वाट बघून लागली का? तुम्ही लोक रुग्णाचं ऐकतच नाही, हेच तर मी सांगतोय!

जळगाव फिजिओ
ठीक आहे, बोलले ते जरा तोडून बोलले. तुमचं एक म्हणणं मला मान्य करावं लागेल आणि ते करताना आनंद होत नाही. मशीन लावून पडदा ओढणारी केंद्रं आहेत आणि आमच्या धंद्याचं नाव त्यांनीच घालवलंय. नुसत्या करंटने दुखावलेली मान बरी होत नाही. हात लावून तपासणं आणि समोर उभं राहून व्यायाम करून घेणं, हे आमचं काम. ते झालं नसेल तर तुम्हाला फिजिओ मिळालाच नाही, बिल मिळालं.

पण मालिशचे गोडवे गाण्याआधी एवढं ऐका. २०१२ साली कोक्रेनच्या, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी मानदुखी आणि मालीश यांवरच्या १५ चाचण्या एकत्र तपासल्या. पुरावा इतका कच्चा निघाला की त्यांनी कुठलीही शिफारस केली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत जुनाट मानदुखीच्या २२८ लोकांवर एक चाचणी झाली. तिथे आठवड्यातून दोन-तीनदा पूर्ण तास मालीश घेणाऱ्यांना फरक पडला, अर्ध्या तासाची घेणाऱ्यांना फारसा नाही.

जुना भुसावळकर
पूर्ण तास! मी काय लिहिलं होतं? म्हातारी पूर्ण तास द्यायची. तुमच्याकडे दहा मिनिटांनी घंटा वाजायची.

जळगाव फिजिओ
हो, काका, वाचलं. पण ती चाचणी जुनाट दुखण्यावरची होती, ताज्या अपघातातल्या मानेवरची नव्हती. बोरीकाठ ताईंचा भाऊ तिसऱ्या दिवशी गेला होता. हा फरक सोडू नका.

पांझरा
ताई, तुम्हनं खरं शे. मन्हा आबानी मान बी अशीच एकनी मोडी व्हती. त्या दिनपाईन त्यास्ना डावा हात वर जास नही. आते कोनले दोस देवाना? पन मान मोडानी नही म्हंजे नही.

रस्त्यावरचा
मानेवर एवढं बोलताय आणि मान मोडणाऱ्या गतिरोधकांवर कुणीच नाही. नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आपल्याकडे गावाच्या तोंडाशी मुरुमाचा नाहीतर काँक्रीटचा उभा बांध घालतात, ना पांढरा पट्टा ना फलक. माझ्या वडिलांचा मणका रात्री अशाच एका बांधावर गेला. आधी ते बांध काढा, मग मालिशवर बोला.

सातपुड्यातून
तुम्ही सगळे जळगाव-धुळ्याचे. धडगावच्या वरच्या पाड्यातून बोलतो.

आमच्याकडे माणूस मोहाच्या झाडावरून पडतो. पाड्यापासून गाडीरस्ता दोन तास. झोळी करायची, बांबू खांद्यावर घ्यायचा, उतरायचं. मग घाटाने शहादा किंवा नंदुरबार. त्यात पाऊस असेल तर ओढा उतरायची वाट बघायची. हाडवैद्य मात्र शेजारच्या पाड्यात आहे. मोहाच्या बियांचं तेल लावतो, निर्गुडीच्या पाल्याने शेकतो, पैसे मागत नाही. काही जण डाग देतात, ते चुकीचं आहे, आम्हीही बोलतो. पण "आधी दाखवा" हे वाक्य आमच्यासाठी किती किलोमीटरचं आहे ते एकदा मोजा. आमच्यासाठी तोच दवाखाना आहे.

जळगाव फिजिओ
भाऊ, तुमच्यासमोर माझा नियम तोकडा पडतो, हे खरं. पण एक गोष्ट पाड्यातही करता येईल आणि ती मालिशपेक्षा मोठी आहे. पडलेल्याला झोळीत घालू नका. झोळीत पाठ वाकते, मान छातीवर येते, मणका मोडला असेल तर तिथेच मज्जारज्जू दाबला जातो. दाराची फळी किंवा खाटेवर टाकलेली सपाट फळी घ्या. चौघांनी अंग एकसंध उचला, एकाने फक्त डोकं धरायचं, जसं आहे तसं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लुगड्याच्या घट्ट वळकट्या लावा आणि कपाळावरून फळीला पट्टी बांधा. रस्त्याला लागलात की १०८ बोलवा. तेल, शेक, डाग, काहीच नको. त्या हाडवैद्यालाच हे शिकवता आलं तर तो तुमच्या भागातला सर्वांत उपयोगी माणूस ठरेल.

सातपुड्यातून
फळीचं सांगतो त्याला. तो ऐकेल. झोळीने नेलेला माझा चुलता नंतर पायावर उभा राहिला नाही. तेव्हा कुणी सांगितलं नाही.

घडवाला
रावेरचा आहे. केळीचे घड वाहतो. १९ वर्षं झाली.

तुमची मान अपघाताने दुखते, आमची रोज दुखते. सकाळी सहाला बाग लागते. एक जण विळ्याने खोड वाकवतो, दुसरा घड झेलतो, डोक्यावर घेतो आणि बांधावर नाहीतर गाडीपर्यंत नेतो. वीस-बावीस किलोचा घड, चांगली बाग असली तर तीसचा. दिवसाला माणशी शंभराच्या वर. मधे ठिबकच्या नळ्या, खाली चिखल. केळीला डाग पडू नये म्हणून फोमच्या गाद्या आणतात, आमच्या डोक्यावर गोणपाटाची चुंबळ. संध्याकाळी टोळीतला एक म्हातारा मोहरीच्या तेलाने सगळ्यांच्या माना चोळतो. तो नसेल तर दुसऱ्या दिवशी अर्धी टोळी उठणार नाही. मॅडम म्हणतात आराम, व्यायाम, आठवड्यातून तीनदा. एक दिवस खाडा केला तर मुकादम दुसरा घेतो. आमची मान कुणी मोजतच नाही.

कांदेबाग
दादा, तुमचं दुःख मान्य, पण बोट शेतकऱ्याकडे दाखवू नका. कापणीची टोळी व्यापारी आणतो, मजुरी तो देतो. आम्ही फक्त बाग दाखवतो. भाव बऱ्हाणपूरच्या लिलावावर ठरतो, वादळाने बाग आडवी झाली तर कुणी विचारत नाही. वर आता तुमच्या मानेचाही हिशोब आमच्याच डोक्यावर?

घडवाला
बाग तुमचीच आहे ना? पाच बाय पाच फुटांवर झाडं लावता. एकरात सतराशे खोडं. गाडी आत येईल अशी एक सरी मोकळी सोडली तर आम्हाला दोनशे पावलं कमी पडतात. मी तीन शेतकऱ्यांना सांगितलं. तिघेही म्हणाले, तेवढी झाडं कमी बसतील.

कांदेबाग
बसतीलच कमी! दर दहा ओळींमागे एक ओळ सोडली तर एकरात दीडशे-पावणेदोनशे झाडं गेली. त्यांचा खर्च तुम्ही देणार? रोप, खत, ठिबक, फवारणी, सगळं उधारीवर असतं. दोन वर्षांपूर्वी माझा माल बांधावर सडला तेव्हा टोळी दोन दिवस आलीच नाही, दुसऱ्या गावाला जास्त पैसे मिळाले म्हणून. तेव्हा माझी मान कुणी चोळली?

घडवाला
तुमचा माल सडला, पुढच्या वर्षी परत पिकेल. माझा जोडीदार मागच्या कांदेबागेच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीच्या कापणीत डोक्यावर घड घेऊन नळीत पाय अडकून पडला. घड डोक्यावर, डोकं खाली. दोन दिवस म्हाताऱ्याकडून चोळून घेतलं, तिसऱ्या दिवशी हातात विळा धरवेना. आता घरी बसलाय. बायको जिनिंगमध्ये जाते. ना व्यापारी आला, ना मुकादम, ना बागवाला. ती बाग तुमच्याच गावची होती.

कांदेबाग
आमच्या गावात दीडशे बागवाले आहेत. मला माहीत असतं तर गेलो असतो. न ओळखता माणसाला असं बोलू नका.

जुना भुसावळकर
हे बरोबर नाही, दोघांचंही. हमालांसाठी या राज्यात १९६९ सालचा माथाडी कायदा आहे. बाजार समितीतला हमाल नोंदवला जातो आणि बागेत घड वाहणारा नाही, हे कसं? मी रेल्वेत होतो, आमच्याकडे पार्सलच्या हमालाच्या दुखापतीची निदान वहीत नोंद व्हायची. इथे वहीच नाही. मानेवरच्या तेलाची चर्चा बाजूला ठेवा, आधी ती वही मागा.

घडवाला
काका, नोंदवायला गेलं की विचारतात, मालक कोण? मुकादम म्हणतो व्यापारी, व्यापारी म्हणतो मुकादम, बागवाले काय म्हणतात ते वर वाचलंत.

जळगाव फिजिओ
घडवाला दादा, तुमच्या जोडीदाराचं वाचून राहवत नाही. डोक्यावर भार असताना पडणं म्हणजे मी वर लिहिलेलं "डोक्यावर सरळ भार येऊन आदळणं", तेच. ही रोजची दुखरी मान नाही, हा अपघात आहे. त्याच दिवशी फोटो निघायला हवा होता. हातात अजून जोर नसेल तर अजूनही दाखवा, जळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये केसपेपर काढा. उशीर झाला म्हणून सोडू नका.

तुमच्या म्हाताऱ्याच्या संध्याकाळच्या हाताला मी काही म्हणणार नाही. स्नायू थकलेत, तो सैल करतो, तुम्ही झोपता. यात मला खोट दिसत नाही. मात्र दोन गोष्टी त्याला सांगा. कुणाच्या हातात मुंग्या असतील, पकड ढिली असेल, चालताना पाय लटपटत असतील, तर त्याच्या मानेला तेलही लावायचं नाही. आणि डोक्यावर वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके लवकर झिजतात, हे एक्स-रेच्या अभ्यासांत दिसलंय. झिजलेल्या मणक्यांना पिळा देणं फार धोक्याचं. खांद्यावर जाड गादी घेऊन घड वाहता आला तर डोक्यावरचा भार तरी सुटेल.

घडवाला
खांद्यावर घेतला की केळी घासते आणि व्यापारी मजुरी कापतो. पण जोडीदाराला सोमवारी घेऊन जातो. बसभाडं टोळीत जमवू.

तालमीतला
मधे दोन दिवस लिहिलं नाही. रागाने काही लिहिलं असतं.

काल गावी वडिलांना विचारलं की आजोबा मान मोडायचे का. वडील म्हणाले, पाठ मोडायचे, बोटं मोडायचे, मानेला फक्त तेल आणि अंगठा. एकदा एक पोरगा कुस्तीत डोक्यावर पडला तेव्हा आजोबांनी त्याला हात लावू दिला नाही, फळीवर घालून दवाखान्यात पाठवलं. हे मला माहीतच नव्हतं. त्यामुळे झटक्याबद्दल ताई, तुमचं बरोबर आणि मी ज्यांची बाजू घेत होतो ते स्वतःच तुमच्या बाजूचे निघाले. पण एक मागे घेणार नाही. चांगल्या हाताचा चोळणारा आज संपत चाललाय आणि त्याच्या जागी मोबाईलवर झटके बघून शिकलेली पोरं आलीत. तुमच्या मजकुराने त्या पोरांसोबत यावलच्या त्या म्हातारीचंही गिऱ्हाईक तुटेल. तिच्याबद्दलही दोन ओळी लिहा.

सलूनवाला
चोपड्याला दुकान आहे. मॅडमनी लिहिलेलं मी गेल्या वर्षीच ऐकलं होतं, तेव्हापासून मान मोडणं बंद केलं. गिऱ्हाईक रागावतं, दहा रुपये कमी देतं, पण नाही म्हणजे नाही. डोक्याला तेल घालून चोळून देतो, तेवढं पुरे. माझ्या वडिलांना हे पटलेलं नाही, ते अजून मोडतात, आमची रोज वादावादी होते.

बोरीकाठ
तालमीतले दादा, म्हातारीबद्दल लिहीन. तिने विचारलं, बोटं थांबवली, झटका दिला नाही. माझ्या भावाला तीच भेटली असती तर हा धागा झाला नसता, हे मलाही कबूल करायला हवं. तो फोटोवाला मजकूर काढायला मी गटाच्या चालकांना सांगितलंय. त्यांनी अजून काढलेला नाही, उलट त्यांचे मेहुणे त्या दादांकडे जाऊन आले म्हणे. मी उद्या परत सांगणार आहे, भावालाच घेऊन जाणार आहे.

कांदेबाग
घडवाला दादा, रात्री हिशोब मांडला. दर दहाव्या ओळीला नाही जमणार. वीस ओळींमागे एक सरी सोडली तर एकरात ऐंशी-नव्वद झाडं जातात. ते मी एकदा सोसून बघू शकतो. जूनच्या लागणीत अडीच एकरांत करतो. ट्रॅक्टर नाही, पण हातगाडी आत येईल. तुमची टोळी आली तर व्यापाऱ्याला मी सांगेन की घड डोक्यावर नको, गाडीवर. मजुरी कापली तर माझ्याशी बोल म्हणून.

घडवाला
हातगाडीचं चाक बारीक नको, चिखलात रुततं. स्कूटरच्या टायरचं घ्या. आणि नळ्या सरीच्या आडव्या टाकू नका, त्यातच तो पडला होता. कापणीला अजून वर्ष आहे. तेव्हा बघू.

कांदेबाग
टायरचं लक्षात ठेवतो. जोडीदाराचं सोमवारी काय झालं ते इथे लिहा.